बामणोलीची बोट: पाणी उतरलं असताना जा

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या बामणोली आणि तापोळ्याच्या बोटिंगबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय जाण्याआधी वाचले होते. दिवाळीत गेलेले सगळे खूश. एप्रिल-मेमध्ये गेलेल्यांचा मात्र एकच सूर: 'पाणीच नव्हतं, नुसता चिखल, पैसे वाया.' एकाने तर एक तारा देऊन खाली लिहिलंय, 'मिनी काश्मीर म्हणे!' मी यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेलो आणि साडेचार तारे देतोय. अर्धा का कापला ते शेवटी सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या ताऱ्यांना किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी कोपरखैरण्याला राहतो आणि वाशीच्या मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. वडील माथाडी होते, आधी मशीद बंदरला आणि मग वाशीला. आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, जावळी तालुक्यातलं, आणि ते धरणात गेलं. पाणी आलं तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता त्र्याहत्तरची आहे. तिला एकदा बोटीतून फिरवायचं म्हणून ही सहल काढली. त्यामुळे वासोटा किल्ल्याचा ट्रेक, तंबूतला मुक्काम, शेकोटी असलं काही या अभिप्रायात मिळणार नाही.

साताऱ्याहून कासमार्गे गेलो. पस्तीसेक किलोमीटर असतील, पण घाटरस्ता आहे आणि आईला गाडी लागते, त्यामुळे दोन तास गेले. कासच्या पठारावर एप्रिलमध्ये एक फूल नसतं. वाळलेलं गवत आणि काळा कातळ, बस. तिथून उताराला लागलं की उजव्या हाताला खोरं उघडतं आणि पाण्याची पहिली चीर दिसते. आई म्हणाली, 'हे आमचं न्हाय.' मी म्हटलं, अगं हेच ते. तर म्हणाली, 'आमच्यात डोंगार एवढं बुटकं नव्हतं.'

तेव्हा मला वाटलं, वयाचं काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी बोटीत बसल्यावर तिचं म्हणणं कळलं, ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फसलो, ते आधी सांगून टाकतो. पाण्याकाठी मोठा फलक लावलेली एक बोट दिसली. 'एक तास, तीन पॉइंट' असं ठरलं. प्रत्यक्षात पस्तीस मिनिटांत आणून सोडलं. वर स्पीकरवर गाणी इतक्या जोरात की आईने पदर कानाला लावला. आम्ही नऊ माणसं आणि लाइफ जॅकेटं सहा. मागितल्यावर 'काका, पाणी कुठंय बुडायला' असं उत्तर मिळालं. चालवणारा पोरगा बाजूच्या कुटुंबाला सांगत होता की हे धरण इंग्रजांनी बांधलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुन्हा पाण्याकडे बघत बसली. बोट कुणाची ते लिहीत नाही, फलकाचा आकार मात्र लक्षात ठेवा.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी केला. तीन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. जेवणाला पूर्ण पाच तारे. वरीची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. ती थापायला किती अवघड हे आईने मला तिथे समजावलं, कारण वरीच्या पिठाला चिकटपणा नसतो, उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं तरच ते धरतं. आई उठून चुलीपाशी गेली आणि घरमालकिणीला म्हणाली, 'सरक जरा, मी करते एक.' चाळीस वर्षांनी तिने वरीची भाकरी थापली. मधे फाटली, पण तव्यावर टाकलीच आणि तीच स्वतः खाल्ली. सोबत घेवड्याची आमटी, खर्डा आणि तळ्यातल्या माशाचं पातळ कालवण. कालवण बेताचं होतं, खर्डा मात्र असा की रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो. दोघांचं दोन वेळचं जेवण, चहा आणि खोली मिळून दोन हजार चारशे झाले.

त्याच मालकिणीने सकाळसाठी बोट सांगितली. बोटवाले आप्पा साठीचे असतील. डोक्यावर मफलर, तोही एप्रिलात. आईला बघून पहिला प्रश्न, 'आज्जी, माहेर कुठलं म्हणायचं?' आईने वाडीचं नाव सांगितलं. आप्पांनी इंजिनाची दोरी हातातून सोडली आणि म्हणाले, 'मग पॉइंट-बिइंट नको. तुमच्या अंगणावरनंच जाऊ.'

इथून खरा अभिप्राय सुरू होतो.

कोयना महाबळेश्वरला उगवते, पण कृष्णा-वेण्णेसारखी लगेच पूर्वेला वळत नाही. सह्याद्रीच्या कण्याला धरून साठेक किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भिडते. या दक्षिणोत्तर घळीतच आमच्या लोकांची गावं होती. हेच जावळीचं खोरं. मोऱ्यांचं होतं, १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलं, आणि तीन वर्षांनी अफझलखान याच रानात शिरला. शाळेत हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. याच खोऱ्यातली माणसं पुढे कुठे गेली ते मात्र शाळेच्या पुस्तकात मला कधी सापडलं नाही.

हेळवाकच्या त्या वळणाच्या अलीकडे धरण बांधलं. काम १९५०च्या दशकात सुरू झालं, १९६२ मध्ये वीज निघू लागली, १९६४ मध्ये धरण पुरं झालं. उंची १०३ मीटर. खोऱ्यात पन्नासेक किलोमीटर पाणी चढलं. त्याला कागदोपत्री शिवसागर म्हणतात. आप्पांच्या तोंडून मी तो शब्द एकदाही ऐकला नाही. ते 'फुगवटा' म्हणतात, आणि आई नुसतं 'पाणी'. 'पाणी आलं तवा', 'पाण्याच्या आदी' अशी तिची कालगणना आहे.

आता डोंगर बुटके का. आप्पांनी बोट मध्यावर नेऊन इंजिन बंद केलं आणि हाताने खाली दाखवून म्हणाले, 'आज्जी, तुमी डोंगार बगितला तो नदीत उभं राहून. आता तुमी त्याच्या कंबरंपाशी बसलाय.' भरल्या धरणात तिथे कित्येक पुरुष उंचीचं पाणी असतं. डोंगराचा खालचा भाग, म्हणजे शेतं, घरं, पायवाट, नदीकाठची आंब्याची झाडं, सगळं पाण्याखाली, आणि आपल्याला दिसतो तो फक्त वरचा धडाचा भाग. लोक फोटो काढतात तो याच अर्ध्या डोंगराचा. आई पुढची पाच मिनिटं समोरच्या कड्यापासून खाली बोटाने काहीतरी मोजत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, 'खळं कुठं आसंल ते.'

एप्रिलमध्ये जा असं का म्हणतो ते आता सांगतो. पाणी उतरलेलं असतं म्हणून काठ उघडा पडतो. सगळीकडे चिखल नसतो. वरचा पट्टा उन्हाने वाळून भेगाळलेला, त्याच्या खाली मऊ गाळ, आणि त्या गाळात माणसांनी पिकं घेतलेली. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी जसजसं मागे सरतं तसतसं शेत खाली उतरतं आणि पहिल्या मोठ्या पावसाआधी सगळं आवरून वर यायचं. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्यातलेच काहीजण आपल्याच जुन्या जमिनीच्या काठावर काही महिने अशी शेती करतात. आम्ही गेलो तेव्हा एका उतारावर एक बाई आणि दोन पोरं भुईमूग उपटत होती. आप्पांनी हाक मारली तशी त्यांनी ओंजळभर ओल्या शेंगा बोटीत टाकल्या. हे दिवाळीत गेलात तर दिसणार नाही. तेव्हा सगळीकडे निळं पाणी आणि हिरवा डोंगर, फोटोला छान.

उघड्या काठावर रचलेल्या दगडांच्या रांगा दिसतात. बांध आहेत ते, भाताच्या खाचरांचे. साठ वर्षं पाण्यात राहून काही जागी आईच्या गुडघ्याइतके अजून उभे आहेत. एका ठिकाणी घराचं जोतं होतं. मला वाटलं आई आता रडणार, मी फोन खिशात ठेवला. ती जोत्याकडे बघून म्हणाली, 'हे आमच्या वाडीचं न्हवंच. एवढा मोठा दगड आमाला कुठला परवडायला.'

तिची वाडी दिसली नाही. एप्रिलमध्येही ती पाण्यातच असते. आप्पांनी अंदाजाने बोट फिरवली आणि म्हणाले, 'हितंच कुठंतरी.' तेवढ्यावर आईचं समाधान झालं.

आणि ज्यांनी 'पाणीच नव्हतं' म्हणून एक तारा दिला त्यांच्यासाठी: पाणी कुठे जातं? धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं ६७.५ टीएमसी दरवर्षी पश्चिमेला वीज करायला सोडता येतं. कृष्णा पाणी लवादाने, म्हणजे लोकांच्या भाषेत बच्छावत आयोगाने, ती मर्यादा घालून दिली. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात पोफळीकडे उतरतं, जनित्रं फिरवतं, वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. म्हणजे जी नदी कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागरात जायची, तिचं बरंचसं पाणी उलट्या दिशेने जातं. उरलेलं खाली सिंचनाला. धरणाचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. एप्रिल-मे म्हणजे आपल्या घरातल्या महिनाअखेरीसारखंच. चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १,९६० मेगावॉट वीज तयार करण्याची सोय आहे. तेव्हा तुमच्या मुंबईच्या खोलीत पंखा फिरत होता आणि त्याच आठवड्यात तुम्हाला इथे चिखल दिसला, तर त्याचा राग बोटवाल्यावर काढू नये.

वीज म्हटल्यावर आईने आप्पांना सांगितलेलं एक वाक्य इथे लिहितो. 'पाण्यानं ममईला दिवा लागला म्हणत्यात, पण माज्या लग्नाला कंदीलच व्हता.' तिचं लग्न १९७३चं, वरच्या नव्या वाडीतलं.

नवी वाडी म्हणजे डोंगरावर सरकलेली. पुष्कळ लोकांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या. माझा आजोबा सोलापूरकडची जमीन बघून आला आणि म्हणाला, तिथं झाडच नाही, सावलीला बसू कुठं? म्हणून आमची माणसं पाण्याच्या रेषेच्या वर सरकली. जुन्या घराच्या तुळया, वासे, चौकट सगळं खांद्यावरून वर नेलं. आई दहा वर्षांची असताना पाटा डोक्यावर घेऊन चढली होती, ती आठवण ती दर दिवाळीला सांगते आणि दर वर्षी पाटा थोडा जड होत जातो. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ मध्ये. आमच्या लोकांना उठवलं त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी. तेव्हा 'हक्क' असा शब्दच हातात नव्हता. कोयना धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून दाखल्यासाठी आणि जमिनीसाठी आंदोलनाला बसते, त्याचं मूळ इथे आहे.

बरं, वर सरकले आणि पाच वर्षांत भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. कोयनानगर जवळजवळ सपाट झालं, दीडशेच्या वर माणसं गेली. आईच्या वाडीत कुणी दगावलं नाही, कारण घरं लाकूड-कुडाची होती. पण फडताळावरची सगळी भांडी एकदम खाली आली आणि बैल दावं तोडून पळाला. पुढे कितीतरी रात्री सगळी वाडी थंडीत अंगणात झोपली. आप्पा तेव्हा तान्हे होते. त्यांच्या आईने त्यांना धान्याच्या टोपल्याखाली झाकून ठेवलं होतं असं घरचे सांगतात. यावर आई आणि आप्पा इतके हसले की बोट हलली.

जमीन गेली, वरच्या उतारावर नाचणी-वरी पिकून किती पिकणार? पुरुष मुंबईला गेले. प्रत्येक गावाची मुंबईत एक खोली असायची, 'गावाची खोली'. पंचवीस-तीस जण पाळीने झोपायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या. वडील असेच गेले आणि पाठीवर गोणी आली. माथाड्यांना संघटनेत बांधणारे अण्णासाहेब पाटील याच बाजूचे, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला तेव्हा कुठे भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, पुढे घर हे शब्द आमच्या घरात आले. मी कोपरखैरण्याच्या ज्या घरात बसून हे लिहितोय ते त्यातूनच उभं राहिलं. धरणाची माती आणि आमच्या सिमेंटचा असा संबंध आहे. तो मला लहानपणी कुणी सांगितला नाही, बोटीत बसून माझा मीच जोडला.

वासोट्याबद्दल दोन ओळी लिहितोच, कारण बामणोलीला येणाऱ्या दहातले आठ त्याच्यासाठी येतात. बोटीने तासभराहून जास्त, मग जंगलातून चढ. वन खात्याची परवानगी लागते, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजून नोंदवतात, पावसाळ्यात बंद. आमच्या खोलीशेजारची पुण्याची पोरं जाऊन आली आणि संध्याकाळी पायावर गरम पाणी ओतत बसली होती. तो सगळा पलीकडचा काठ आता कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पलीकडच्या काही वाड्या धरणासाठी एकदा वर सरकल्या आणि जंगलासाठी दुसऱ्यांदा उठल्या. ट्रेक करताना मध्येच आंबा-फणसाची झाडं ओळीत दिसली तर समजा की तिथे कुणाचं तरी परसू होतं.

आप्पांनी आम्हाला पावणेदोन तास फिरवलं. पंधराशे रुपये आधी ठरले होते, तेवढेच घेतले. आईने पाकिटातून दोनशे वेगळे काढून पुढे केले. ते घेईनात. शेवटी म्हणाले, 'माहेरवाशिणीकडनं घेत न्हाय.' मग आईने बोटीतल्या त्या भुईमुगाच्या अर्ध्या शेंगा त्यांच्या मफलरात बांधून दिल्या. त्यांचा नंबर इथे देत नाही, त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. धक्क्यावर 'मफलरवाले आप्पा' म्हटलं तर कुणीही दाखवेल. एक करा: बसण्याआधी 'पॉइंट नको, जुनी गावं दाखवा' असं स्पष्ट सांगा. न सांगितलं तर तेही बिचारे सवयीने देवळाकडे आणि संगमाकडेच नेतात, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. आणि लाइफ जॅकेट स्वतः ओढून ताणून बघा. आम्हाला मिळालेल्या दोन्हींचे पट्टे शाबूत होते.

काठापलीकडच्या गावांना जायला लाँच आणि गाड्या नेणारा तराफा आहे, ते पर्यटकांसाठी नसून गावकऱ्यांचं रोजचं साधन आहे. घाई नसेल तर तराफ्याजवळ अर्धा तास नुसते उभे राहा. आम्ही होतो तेव्हा एक नवरीकडचा टेम्पो, दोन शेळ्या, गॅसच्या टाक्या आणि परीक्षेला निघालेली एक मुलगी एकाच फेरीत गेली. मुलगी शेळीच्या पाठीवर वही ठेवून काहीतरी पाठ करत होती.

आता कापलेला अर्धा तारा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की धक्का वर कोरडा राहतो आणि बोट खाली लागते. मधला उतार दीडशे-दोनशे पावलांचा, भुसभुशीत, कठडा नाही, पायऱ्या नाहीत. बोटीत चढायला एक फळी, तीही हलती. म्हाताऱ्या माणसांना हे अवघड आहे. बरेच लोक नेमके आपल्या म्हाताऱ्यांनाच तिथे घेऊन येतात, कारण ते गाव बघायचं वय आता त्यांचंच आहे. धक्क्यावरच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, मी बाहेर उभा राहिलो. परत चढताना आप्पांच्या पोराने प्लास्टिकची खुर्ची आणली आणि म्हणाला, आज्जी बसा, आम्ही दोघं उचलतो. आईने खुर्चीकडे बघितलं, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चढायला लागली. मधे दोनदा थांबली. वर पोचल्यावर टपरीवाल्याला म्हणाली, 'दोन चहा दे बाबा, एक बिनसाखरेचा,' आणि पायाचा गाळ तिथल्या दगडावर घासत बसली.